'द टेम्पेस्ट': शेक्सपिअरच्या नाटकातला लाकडं वाहणारा नोकर वसाहतवादाविरुद्धचा आवाज कसा बनला?

दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरचा तुरुंग. काळ १९७०च्या दशकाचा. वर्णद्वेषी सरकारविरुद्ध लढणारे राजकीय कैदी इथे वर्षानुवर्षं शिक्षा भोगत होते. त्यांच्यापैकी सनी वेंकटरत्नम यांच्याकडे शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचं एक पुस्तक होतं. पहारेकऱ्यांनी ते काढून घेऊ नये म्हणून त्यांनी त्यावर दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवरची देवादिकांची चित्रं चिकटवली आणि हा आपला धर्मग्रंथ असल्याचं सांगितलं.

हे पुस्तक कैद्यांमध्ये हातोहात फिरलं. प्रत्येकाने आपल्या आवडत्या उताऱ्यावर खूण करून सही केली. नेल्सन मंडेला यांनी 'ज्युलियस सीझर'मधला उतारा निवडला. भारतीय वंशाचे कैदी बिली नायर यांनी मात्र 'द टेम्पेस्ट' या नाटकातली एक जागा निवडली. तिथे एक नोकर आपल्या मालकाला तोंडावर सांगतो की हे बेट माझं आहे, ते मला माझ्या आईकडून मिळालं आणि तू ते माझ्याकडून हिसकावून घेतलंस.

त्या नोकराचं नाव कॅलिबान. ४०० वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजासमोर झालेल्या नाटकातलं हे पात्र विसाव्या शतकात आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि लॅटिन अमेरिकेतल्या लेखकांना आपलं वाटू लागलं. हे कसं झालं?

नाटकाची गोष्ट काय आहे?

'द टेम्पेस्ट' म्हणजे वादळ. शेक्सपिअरने हे नाटक साधारण १६१० ते १६११ या काळात लिहिलं. १ नोव्हेंबर १६११ रोजी राजा पहिला जेम्स याच्या दरबारात त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, १६२३ मध्ये त्याची नाटकं एकत्र छापली गेली, तेव्हा या नाटकाला पहिलं स्थान मिळालं.

प्रॉस्परो हा इटलीतल्या मिलानचा राज्यकर्ता. पुस्तकं आणि जादूविद्या यांत तो इतका गढून गेला की कारभार त्याने भाऊ अँटोनिओवर सोपवला. भावाने नेपल्सच्या राजाशी संधान बांधून गादी बळकावली आणि प्रॉस्परोला त्याच्या लहानग्या मुलीसह, मिरांडासह, समुद्रात सोडून दिलं. दोघे एका बेटावर जाऊन पोहोचले.

बेट ओसाड नव्हतं. तिथे कॅलिबान होता. त्याची आई सिकोरॅक्स हिला चेटकीण ठरवून अल्जीयर्समधून हद्दपार केलं होतं. ती गरोदर असताना बेटावर आली, तिथे कॅलिबानचा जन्म झाला आणि पुढे ती वारली. एरियल नावाचं एक अदृश्य होऊ शकणारं वायुरूप पात्रही तिथे होतं. सिकोरॅक्सने त्याला पाइनच्या झाडात कोंडून ठेवलं होतं. प्रॉस्परोने त्याची सुटका केली आणि त्याला आपल्या चाकरीत घेतलं.

नाटक सुरू होतं ते यानंतर १२ वर्षांनी. प्रॉस्परोचे शत्रू जहाजातून बेटाजवळून जात असतात. तो जादूने वादळ उठवून त्यांना बेटावर आणतो. शेवटी तो त्यांना माफ करतो, आपलं राज्य परत मिळवतो आणि मिरांडाचं लग्न नेपल्सच्या राजपुत्राशी, फर्डिनंडशी ठरतं.

वरवर पाहिलं तर ही सूड आणि क्षमेची गोष्ट आहे. पण प्रॉस्परो दुसऱ्यांच्या अन्यायाबद्दल बोलत असतो, तेव्हा त्याच्या घरात लाकडं कोण वाहतं, हा प्रश्न नाटकात सतत उभा राहतो.

मालक म्हणतो उपकार, नोकर म्हणतो हक्क

कॅलिबान पहिल्यांदा समोर येतो तोच चिडलेला. काम सोडून यायला तो तयार नसतो. प्रॉस्परो त्याला शिव्या देत बोलावतो आणि मग दोघांमध्ये जे भांडण होतं, त्यावर नंतरच्या काळात शेकडो लेख आणि पुस्तकं लिहिली गेली.

कॅलिबानचं म्हणणं असं. प्रॉस्परो बेटावर आला तेव्हा त्याला इथलं काहीच माहीत नव्हतं. त्याने आधी कॅलिबानला प्रेमाने वागवलं, खायला-प्यायला दिलं, सूर्य-चंद्राला काय म्हणतात ते शिकवलं. कॅलिबाननेही जीव लावला. गोड्या पाण्याचे झरे कुठे आहेत, खारं पाणी कुठे आहे, कुठली जमीन पिकते आणि कुठली नाही, हे सगळं त्यानेच दाखवलं. एवढं झाल्यावर प्रॉस्परो मालक बनला आणि कॅलिबान एका खडकातल्या खोबणीत कोंडलेला गुलाम.

प्रॉस्परोचं म्हणणं वेगळं. त्याने कॅलिबानला स्वतःच्या निवाऱ्यात ठेवलं, माणसासारखं वागवलं. पण कॅलिबानने मिरांडावर बलात्कार करण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याची ही शिक्षा. तो कृतघ्न आहे, दयेने सुधारणारा नाही, त्याला चाबकाचीच भाषा कळते.

कॅलिबान हा आरोप नाकारत नाही, उलट निर्लज्जपणे हसतो. त्यामुळे तो साधाभोळा पीडित राहत नाही. पण प्रॉस्परोच्या उत्तरात एक गोष्ट येतच नाही. बेट मुळात कोणाचं, या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. हक्काच्या प्रश्नाला तो उपकाराच्या यादीने आणि नोकराच्या गुन्ह्याने उत्तर देतो. शिक्षा गुन्ह्याची होती, असं मानलं तरी गुन्हेगाराचं बेट शिक्षा देणाऱ्याच्या मालकीचं कसं झालं, हे शिल्लक राहतंच.

नोकराशिवाय मालकाचं चालत नाही

याच प्रवेशात एक छोटी पण बोलकी जागा आहे. कॅलिबानकडे बघायलाही नको वाटतं, असं मिरांडा म्हणते. त्यावर प्रॉस्परो तिला समजावतो की त्याच्याशिवाय आपलं चालणार नाही. चूल तोच पेटवतो, लाकडं तोच आणतो, आपल्या उपयोगाची कामं तोच करतो.

जो माणूस समुद्रात वादळ उठवू शकतो, त्याला घरात सरपण आणायला माणूस लागतो. नोकर नालायक आहे आणि नोकर हवाच आहे, या दोन्ही गोष्टी मालक एकाच दमात बोलतो. वसाहतींच्या इतिहासात हा विरोधाभास वारंवार दिसतो. स्थानिक लोक आळशी, असंस्कृत, अविश्वासू आहेत असं म्हणणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांचे उसाचे, चहाचे आणि निळीचे मळे त्याच लोकांच्या हातांवर उभे होते.

शेक्सपिअर पुढे एक गंमतही करतो. राजपुत्र फर्डिनंडलाही प्रॉस्परो लाकडं वाहायला लावतो. काम तेच, ओझंही तेच. पण फर्डिनंडसाठी ती प्रेमाची परीक्षा आहे, थोड्या वेळात संपणारी आणि शेवटी बक्षीस देणारी. कॅलिबानच्या कामाला शेवट नाही आणि मोबदलाही नाही.

एरियल: गोड बोलणारा दुसरा नोकर

बेटावर दोन नोकर आहेत आणि दोघांचा मार्ग वेगळा आहे. एरियल हुशार आहे, चपळ आहे, मालकाची कामं मनापासून करतो. वादळ प्रत्यक्षात तोच घडवतो. पण तोही स्वतःच्या इच्छेने राहिलेला नाही. नाटकाच्या सुरुवातीलाच तो प्रॉस्परोला आठवण करून देतो की मला लवकर सोडण्याचं वचन दिलं होतं.

प्रॉस्परो भडकतो. मी तुला कोणत्या छळातून सोडवलं ते विसरलास का, असं विचारतो. पुन्हा कुरकुर केलीस तर ओकच्या झाडात आणखी १२ वर्षं कोंडेन, अशी धमकी देतो. म्हणजे सुटका करणाऱ्याकडेच आता कोंडण्याची ताकद आहे. एरियल माफी मागतो, काम पूर्ण करतो आणि नाटकाच्या शेवटी त्याला स्वातंत्र्य मिळतं.

सत्तेशी जुळवून घेऊन, वचनाची आठवण देत देत सुटका मागायची की उघड बंड करायचं? गुलामीत सापडलेल्या प्रत्येक समाजात हा वाद झाला आहे. एरियल आणि कॅलिबान ही त्याची दोन टोकं म्हणून पुढे अनेकांनी पाहिली.

फसलेलं बंड

कॅलिबान बंड करतो, पण ते हास्यास्पद ठरतं. जहाजातून वाचलेले दोन नोकर, दारुडा स्टेफानो आणि विदूषक ट्रिंक्युलो, त्याला भेटतात. स्टेफानो त्याला दारू पाजतो. आयुष्यात पहिल्यांदा दारू प्यायलेला कॅलिबान त्यालाच देव समजतो, त्याचे पाय चाटायला तयार होतो आणि बेटावरचे झरे, फळं, मासे दाखवण्याचं वचन देतो. प्रॉस्परोशी केलेली चूक तो जशीच्या तशी पुन्हा करतो. जुना मालक नको म्हणून नवा मालक शोधतो.

मात्र कटाच्या बाबतीत तिघांमध्ये शहाणा तोच असतो. आधी प्रॉस्परोची पुस्तकं ताब्यात घ्या, त्यांच्याशिवाय तो आपल्यासारखाच साधा माणूस आहे, असं तो बजावतो. सत्ता ज्ञानातून येते, हे त्याला बरोबर कळलेलं असतं. पण वाटेत टांगलेले भपकेदार कपडे पाहून स्टेफानो आणि ट्रिंक्युलो हरखतात आणि कट तिथेच फसतो. प्रॉस्परो आणि एरियल कुत्र्यांचं रूप घेतलेले आत्मे अंगावर सोडून तिघांना पळवून लावतात.

इथे शेक्सपिअरने भाषेतून एक फरक केला आहे. युरोपातून आलेले हे दोन दारुडे गद्यात बोलतात, तर ज्याला सगळे राक्षस म्हणतात तो कॅलिबान बहुतेक वेळा पद्यात बोलतो. बेटावरच्या गूढ, गोड आवाजांचं नाटकातलं सर्वात सुंदर वर्णन त्याच्याच तोंडी आहे.

शेक्सपिअरच्या डोळ्यांसमोर काय होतं?

नाटक लिहिलं गेलं तेव्हा ब्रिटिश साम्राज्य अजून उभं राहायचं होतं, पण पावलं पडू लागली होती. ईस्ट इंडिया कंपनी १६०० मध्ये स्थापन झाली. १६०७ मध्ये इंग्रजांनी अमेरिकेत जेम्सटाउन ही वसाहत सुरू केली. १६०८ मध्ये कंपनीचं 'हेक्टर' हे जहाज सुरतेला पोहोचलं.

१६०९ मध्ये जेम्सटाउनकडे निघालेलं 'सी व्हेंचर' हे जहाज वादळात सापडून बर्म्युडा बेटांवर अडकलं. सगळे बुडाले असं लंडनमध्ये मानलं गेलं. पण प्रवासी वाचले होते. त्यांनी बेटावर दोन नव्या बोटी बांधल्या आणि १६१० मध्ये ते जेम्सटाउनला पोहोचले. या घटनेची वर्णनं शेक्सपिअरच्या वाचनात आली असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरा धागा फ्रेंच लेखक माँतेन याचा. ब्राझीलमधल्या नरभक्षक म्हणवल्या जाणाऱ्या लोकांवर त्याने निबंध लिहिला होता आणि खरे रानटी कोण, असा उलटा प्रश्न युरोपीय लोकांनाच विचारला होता. हा निबंध १६०३ मध्ये इंग्रजीत आला. नाटकातल्या गोन्झालो या वृद्ध दरबाऱ्याच्या एका भाषणात त्याचा स्पष्ट ठसा आहे. 'कॅलिबान' हे नावही 'कॅनिबल', म्हणजे नरभक्षक, या शब्दातल्या अक्षरांच्या उलटापालटीतून आलं असावं, असं अनेक जण मानतात. गंमत म्हणजे नाटकातला कॅलिबान कोणालाही खात नाही.

मालकाची भाषा कोणाची?

कॅलिबानचं सर्वात गाजलेलं उत्तर भाषेबद्दलचं आहे. तुला बोलायला आम्ही शिकवलं, असं त्याला ऐकवलं जातं. तो म्हणतो की त्याचा मला झालेला फायदा एवढाच, की आता मला शिव्याशाप देता येतात.

१६२३च्या छापील प्रतीत भाषा शिकवल्याचं हे बोलणं मिरांडाच्या तोंडी आहे. पण असं कठोर भाषण तरुण मुलीला शोभत नाही, असं वाटल्याने नंतरच्या काही संपादकांनी बराच काळ ते प्रॉस्परोच्या नावावर छापलं.

हा प्रसंग भारतीय वाचकालाही परका नाही. मेकॉलेच्या १८३५च्या टिपणानंतर भारतात इंग्रजी शिक्षणाला सरकारी पाठबळ मिळालं आणि त्यातून शेक्सपिअर इथल्या वर्गात आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी या भाषेला वाघिणीचं दूध म्हटलं. म्हणजे ते पिणारा गुरगुरल्याशिवाय राहणार नाही. दादाभाई नौरोजींनी भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा हिशेब इंग्रजीतच मांडला आणि १९०१ मध्ये तो लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापला. कॅलिबानने मालकाच्या भाषेत शिव्या दिल्या, दादाभाईंनी त्याच भाषेत आकडे दिले.

कॅलिबानला नायक कोणी केलं?

सुरुवातीची जवळपास तीन शतकं रंगमंचावर कॅलिबान म्हणजे हसण्याचा किंवा घाबरण्याचा विषय होता. कधी तो माशासारखा दाखवला गेला, कधी माकडासारखा. १९०४ मध्ये लंडनमध्ये बीरबोम ट्री यांनी केलेल्या प्रयोगात जहाज निघून गेल्यावर बेटावर एकटा उरलेला कॅलिबान शेवटी दाखवला गेला.

खरा बदल दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. मादागास्कर बेटावर १९४७ मध्ये फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला. तो चिरडताना हजारो लोक मारले गेले. तिथे काम केलेले फ्रेंच अभ्यासक ऑक्टाव्ह मॅनोनी यांनी १९५० मध्ये वसाहतवादाच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. सत्ताधाऱ्यांमध्ये प्रॉस्परोची वृत्ती असते आणि काही समाजांमध्ये कोणावर तरी अवलंबून राहण्याची मानसिकता आधीपासूनच असते, असं त्यांनी मांडलं.

मार्टिनिक बेटावरचे फ्रांत्झ फॅनन यांनी १९५२ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिलं. न्यूनगंड लोकांच्या रक्तात नसतो, वसाहतीची व्यवस्था तो तयार करते, असं त्यांचं म्हणणं होतं. बार्बाडोसचे जॉर्ज लॅमिंग यांनी १९६० मध्ये भाषेच्या प्रश्नावरून कॅलिबानशी नातं जोडलं. मालकाने दिलेली भाषा हे साधन आहे आणि तुरुंगही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

मार्टिनिकचेच कवी आणि राजकीय नेते एमे सेझेअर यांनी १९६९ मध्ये नाटकच नव्याने लिहिलं. त्यांचा कॅलिबान कृष्णवर्णीय गुलाम आहे आणि एरियल मिश्रवंशीय गुलाम. मालकाने दिलेलं नाव आता नको, मला 'एक्स' म्हणा, असं हा कॅलिबान सांगतो. अमेरिकेतल्या माल्कम एक्स यांची त्यातून आठवण होते. या नाटकाच्या शेवटी प्रॉस्परो मिलानला परत जात नाही. तो बेटावरच थांबतो, म्हातारा होतो, थकतो आणि दुरून कॅलिबानचं स्वातंत्र्याचं गाणं ऐकू येतं. सत्ता सोडता न आल्याने मालकच बेटाचा कैदी होतो.

क्युबाचे रोबेर्तो फर्नांडेझ रेतामार यांनी १९७१ मध्ये लॅटिन अमेरिकेचं प्रतीक कॅलिबान असल्याचं मांडलं. उरुग्वेचे लेखक होसे एन्रिके रोदो यांनी १९०० मध्ये हा मान एरियलला दिला होता. ७० वर्षांत एका खंडाने आपला आदर्श नोकर बदलला.

हे वाचन सगळ्यांना मान्य आहे का?

नाही. त्यावर तीन महत्त्वाचे आक्षेप घेतले जातात.

पहिला, नाटकातलं बेट अमेरिकेत नाही. जहाज ट्युनिसहून नेपल्सला निघालेलं आहे, म्हणजे बेट भूमध्य समुद्रात असायला हवं. १६११ मध्ये इंग्लंडकडे मोठ्या वसाहतीही नव्हत्या. त्यामुळे नंतरचा इतिहास नाटकावर लादला जातो, असं काही अभ्यासकांना वाटतं.

दुसरा, कॅलिबानला नायक ठरवताना मिरांडाचं काय करायचं? तिच्यावरच्या हल्ल्याकडे डोळेझाक करून स्वातंत्र्याचा नायक उभा करता येत नाही, असं स्त्रीवादी अभ्यासक सांगतात. सिकोरॅक्सबद्दल तर आपल्याला जे कळतं ते बहुतेक प्रॉस्परोच्या तोंडून, आणि त्याने तिला कधी पाहिलेलंही नसतं.

तिसरा, हे नाटक रंगभूमी, वार्धक्य, क्षमा यांबद्दलही आहे. केवळ मालक-नोकराच्या चौकटीत ते मावत नाही.

हे आक्षेप खरे आहेत. पण शेक्सपिअरने नोकराच्या तोंडी त्याची बाजू दिली, तीही मालकाला नीट उत्तर देता येणार नाही अशी, हे त्यांमुळे पुसलं जात नाही.

आज हे नाटक का वाचायचं?

इंग्रज आले नसते तर रेल्वे आली असती का, इंग्रजी आली असती का, हा वाद सोशल मीडियावर दर काही दिवसांनी रंगतो. तो प्रॉस्परो आणि कॅलिबानच्याच भांडणाचा पुढचा भाग आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, हे खरं आहे. पण या कंपन्यांच्या ब्रिटिश भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती आणि नफा कमी पडला तर भरपाई भारताच्या महसुलातून होत होती, हेही खरं आहे. भोर घाट फोडताना हजारो मजुरांचे जीव गेले. तिथे दगड वाहणाऱ्या मजुराला विचारलं असतं, तर रेल्वे कोणी कोणाला दिली, याचं उत्तर वेगळं आलं असतं.

नाटकाच्या शेवटी प्रॉस्परो कॅलिबानकडे बोट दाखवून कबूल करतो की हा काळोखाचा प्राणी माझाच आहे. ही मालकी आहे की जबाबदारी, यावर अजून वाद चालू आहे. कॅलिबान यापुढे शहाणपणाने वागण्याचं कबूल करून खोली आवरायला निघून जातो. पाहुणे इटलीला परततील, एरियल मोकळा होईल. कॅलिबानला बेट परत मिळालं का, हे शेक्सपिअर सांगत नाही.